उसाच्या बैलगाडीला मागं लुकलुकता दिवा पाहिजे, आणि तो हंगामभर टिकला पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गळीत हंगाम सुरू झाला की दरवर्षी तुमच्या पेपरात एक फोटो येतोच, कारखान्याच्या गेटवर ओळीनं उभ्या बैलगाड्या, मागं लाल रिफ्लेक्टर चिकटवणारी साहेब मंडळी आणि बाजूला कॅमेऱ्याकडं न बघणारा गाडीवान. फोटोबद्दल तक्रार नाही, रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे आणि कोण चांगलं काम करतंय तर त्याला आडवं जायचं काही कारण नाही. पण नंतर आतल्या पानावर "उसाच्या गाडीला पाठीमागून दुचाकीची धडक" अशी चार ओळींची बातमी पण येते आणि ती वाचून आपण पान उलटतो. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यालाच, त्यामुळं गाड्या रोज डोळ्यासमोरून जातात आणि हातात सोल्डरिंग गन असल्यामुळं ह्या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर सुरुवातीचं कापा, मधला हिशोब कापू नका.

आधी रिफ्लेक्टरचं बघू. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, तुमच्या हेडलाइटचा उजेड तुमच्याकडं परत पाठवतो, म्हणजे हेडलाइट त्याच्यावर पडला तरच तो दिसणार. वळणावर हेडलाइट सरळ शेतात जातो, गाडी दिसते ती वळण संपल्यावर. समोरून अप्पर मारत ट्रक आला की डोळ्यापुढं अंधारीच येते. जुन्या मोटरसायकलचा लाइट तर पिवळा मिणमिणता, त्यात पुढची काच मातीनं भरलेली. आणि रिफ्लेक्टर जिथं लावतात ती जागा बघा, गाडीच्या मागच्या बाजूला खाली. गाडीवान बैलांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधून आणतो, ते मागं लोंबतं आणि रिफ्लेक्टर त्याच्याखाली गडप, उरलेल्यावर चिखल. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी मोटरसायकल एका सेकंदात जवळपास १७ मीटर पळते, समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात आणि मग गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे पन्नास मीटरवरून तरी दिसलं पाहिजे. वाढ्यामागचा रिफ्लेक्टर पन्नास मीटरवरून दिसत नाही, दिसतो तेव्हा ऊसच हँडलवर आलेला असतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीबद्दल मी इथं बोलत नाही. ट्रॅक्टरला बॅटरी आहे, ट्रॉलीला मागचे दिवे असलेच पाहिजेत, नसतील तर तो मालकाचा चुकारपणा आणि त्याच्याकडं पोलिसांनी बघावं. बैलगाडीला मात्र वीज कुठनं येणार, म्हणून तिच्यासाठी सेलवर चालणारा छोटा लाल दिवा पाहिजे, आणि तो लुकलुकणारा पाहिजे.

आता कोण म्हणेल त्यात काय, सायकलचे ब्लिंकर मिळतात की बाजारात. मिळतात, आणि काही गाड्यांना हौसेनं लावलेले पण दिसतात, चार-सहा दिवस. त्यात बटन सेल असतात. सीआर २०३२ नावाचा जो चपटा सेल असतो त्यात जेमतेम २२० मिलिअँप-अवर (किती मिलिअँप करंट किती तास पुरेल तो साठा) असतात आणि त्याला एका दमात जास्त करंट देता येत नाही, वीस मिलिअँप मागितले की बिचाऱ्याचं व्होल्टेज बसतं. आठवड्यात दिवा मंद होतो, नवीन सेल तालुक्याला मिळणार, ऊसतोडीच्या खोपीत राहणारा माणूस त्यासाठी एक दिवस खाडा करून तालुक्याला जाणार आहे काय? मग तो ब्लिंकर पोराच्या खेळण्यात जमा होतो.

दुसरा प्रकार शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दिसतो. पुठ्ठ्यावर गाडीचं मॉडेल, मागं एलईडी, आत ५५५ नावाची आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. ही ५५५ म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी ओळखीची आयसी, हान्स कामेनझिंड नावाच्या इंजिनिअरनं १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केली, १९७२ मध्ये बाजारात आली आणि अजून खपतेय. पोरं ती वापरतात हे चांगलंच आहे. पण ९ व्होल्टची बॅटरी बघितली की माझं डोकं फिरतं. तिच्या पोटात पाचशेच्या आसपास मिलिअँप-अवर. लाल एलईडीला लागतात फक्त २ व्होल्ट, उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरमध्ये जळून जातात, म्हणजे रुपयातले अठ्ठ्याहत्तर पैसे रेझिस्टर गरम करण्यात गेले. वरून जुनी साधी एनई ५५५ नुसती जागी राहायलाच पाच-सहा मिलिअँप खाते, दिवा पेटो न पेटो. एलईडी निम्मा वेळ चालू धरला तर सरासरी दहा मिलिअँप तिचे, झाले पंधरा-सोळा. पाचशेला सोळानं भागा, तीस-एकतीस तास आले, म्हणजे अडीच रात्री. प्रदर्शनात बक्षीस मिळवायला अडीच रात्री भरपूर झाल्या, हंगाम मात्र चार-साडेचार महिन्यांचा असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दिवा लुकलुकवणं हा प्रश्नच नाही, तो दहावीतलं पोरगं पण करतं. एकदा घातलेल्या सेलवर अख्खा हंगाम निघाला पाहिजे, हे खरं डिझाइन. आणि ते जमतं, कारण लुकलुकणाऱ्या दिव्यात एक मोठी सवलत आहे, तो बहुतेक वेळ बंदच असतो. किती वेळ पेटतो ते आपल्या हातात आहे.

एलईडी सतत २० मिलिअँपवर पेटत ठेवली आणि चांगले अल्कलाइन पेन्सिल सेल लावले, ज्यांच्यात दोन हजार मिलिअँप-अवर धरायला हरकत नाही, तर शंभर तास निघतात, बारा तासांची रात्र धरली तर आठ रात्री. तीच एलईडी निम्मा वेळ पेटवली तर सोळा रात्री. आणि पाऊण सेकंदात एकदाच, तेही फक्त तीस मिलिसेकंद पेटवली तर? तेव्हा ती शंभरातला चारच भाग वेळ चालू राहते आणि सरासरी करंट येतो ०.८ मिलिअँप. इथं सगळं गणित पालटतं.

तीस मिलिसेकंद डोळ्याला दिसतील का, असं मला एका कारखान्याच्या शेतकी विभागातल्या साहेबांनी विचारलं होतं. दिसतात. माणसाचा डोळा साधारण शंभर मिलिसेकंदाच्या आतला उजेड बेरीज करून घेतो, म्हणजे तीस मिलिसेकंदांचा झगझगीत झटका त्याला शंभर मिलिसेकंदांच्या मंद दिव्याएवढा वाटतो. म्हणून झटका फार बारीकही करायचा नाही, पाच मिलिसेकंद केला तर बेरीजच तुटपुंजी होते, दिवा उगाच तिडतिडल्यासारखा वाटतो. तीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा आणि एलईडी हाय ब्राइट घ्यायची. शंभराच्या पुढं मात्र नुसती सेलची नासाडी, डोळ्याला फारसं जास्त काही मिळत नाही.

किती वेळा लुकलुकावा हेपण कोणाच्या मर्जीवर नाही. मोटारींच्या इंडिकेटरला मिनिटाला ६० ते १२० चा नियम असतो, त्यातच राहावं, आमचा पाऊण सेकंदाचा हिशोब मिनिटाला ऐंशीच्या आसपास येतो. काही जण डीजेच्या लाइटसारखं तुरतुर लुकलुकणारं काहीतरी लावतात, ते कृपा करून करू नका, सेकंदाला तीनच्या वर झटके गेले की काही लोकांना फिट येण्याचा धोका असतो, आणि नाही आली तरी मागच्या ड्रायव्हरला गाडी किती लांब आहे याचा अंदाजच लागत नाही. हळूहळू वाढणारा आणि हळूहळू मावळणारा दिवा पण नको, तो दिवाळीच्या आकाशकंदिलात फार सुंदर दिसतो, मी स्वतः तसे करून विकतो, पण रस्त्यावर नजर पकडायला एकदम पेटणाराच पाहिजे. मागं लालच हवा, पांढरा किंवा निळा नाही. लालचा आणखी एक फायदा, पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या वर लागतात, सेल जरा उतरले की ती मान टाकते, लाल दोन व्होल्टवर भागवते म्हणून उतरलेल्या सेलवर पण मंद का होईना पेटत राहते.

आता सर्किट. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढचे पाच-सहा परिच्छेद सोडले तरी चालतील, पण आयटीआयच्या मास्तरांनी सोडू नयेत.

तीन पेन्सिल सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट. आयसी ५५५ च, पण जुनी एनई नाही, सीमॉस जातीची, टीएलसी ५५५ किंवा आयसीएम ७५५५ किंवा एलएमसी ५५५, जी मिळेल ती. पाय तेच, जागा तीच, फक्त जागी राहायला ती मिलिअँपचा दहावा-सहावा भाग खाते आणि २ व्होल्टपर्यंत चालते, जुनीला साडेचारच्या खाली जमत नाही. म्हणजे तीन सेलवर जुनी लावली तर सेल नवीन असतानाच ती काठावर उभी. दुकानदार "सगळ्या सारख्याच हो" म्हणून एनई हातात टेकवतो, तेव्हा अंगावरचे अक्षर वाचून घ्यावी. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला मागितली की मिळते, किंमत दुप्पट-तिप्पट असली तरी शेवटी ती दहा-वीस रुपयांचीच गोष्ट.

पुस्तकातलं नेहमीचं सर्किट मात्र लावू नका. पुस्तकात सात नंबरच्या पायातून कपॅसिटर रिकामा करतात, त्यात अडचण अशी की झटका बारीक करायला वरचा रेझिस्टर छोटा ठेवावा लागतो आणि दिवा बंद असतो त्या सगळ्या वेळात त्या छोट्या रेझिस्टरमधून करंट सात नंबरमधून जमिनीला वाहत राहतो, नळ टपटपत ठेवल्यासारखा. सीमॉस आयसीचं आउटपुट जवळपास पूर्ण वर आणि पूर्ण खाली जातं, त्यामुळं सात नंबर मोकळाच सोडायचा आणि तीन नंबरच्या आउटपुटमधूनच कपॅसिटर भरायचा आणि रिकामा करायचा. दोन आणि सहा नंबर एकत्र जोडून तिथून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीला. तीन नंबरपासून ह्या जोडापर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टर, आणि त्याला समांतर ३३ किलोओहम व एक ४१४८ डायोड अशी वाट, डायोडचं तोंड कपॅसिटरकडं. आउटपुट वर असताना डायोडच्या वाटेनं कपॅसिटर तीसेक मिलिसेकंदांत भरतो, खाली गेल्यावर डायोड अडवतो आणि १ मेगमधून सावकाश, ०.७ सेकंदांत रिकामा होतो. वर म्हणजे दिवा चालू, खाली म्हणजे बंद. झालं.

सीमॉस आयसी आउटपुटमधून करंट बाहेर द्यायला जरा कंजूष असते, म्हणून एलईडी थेट न लावता तीन नंबरमधून २.२ किलोओहमनं बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस चालवायचा आणि एलईडी त्याच्या कलेक्टरला १२० ओहममधून. साडेचारातले दोन एलईडीचे, उरलेल्या अडीचला १२० नं भागा, वीस मिलिअँप येतात.

कपॅसिटर कोणता याला फार महत्त्व आहे. पोरं इलेक्ट्रोलायटिक लावतात, कारण १ मायक्रोचा तोच समोरच्या डब्यात असतो. पण १ मेगच्या सर्किटमधून वाहणारा करंटच दोन-तीन मायक्रोअँपचा, आणि जुन्या इलेक्ट्रोलायटिकची गळती कधीकधी तेवढीच असते, मग ताल बिघडतो, थंडीत एक, उन्हात दुसरा. फिल्मचा किंवा चांगला सिरॅमिक घ्या. इलेक्ट्रोलायटिक लावायचाच तर १०० मायक्रोचा सेलच्या दोन टोकांना लावा, तिथं त्याचा उपयोग आहे, सेल म्हातारे झाले की त्यांना झटक्याचा करंट एकदम देता येत नाही, तेव्हा झटका सुरू होताना हा थोडा हातभार लावतो.

आता दिवसा बंद राहण्याचं. स्विच ठेवला तर गाडीवान पहाटे चारला बैल जुंपायच्या गडबडीत तो चालू करील आणि सकाळी बंद करायला विसरेल, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, फडातून गाडी भरून काट्यावर नंबर लावायचा असतो त्याला. म्हणून एलडीआर, उजेडावर चालणारा रेझिस्टर. ५५५ च्या चार नंबरच्या पायाला रिसेट म्हणतात, तो खाली ओढला की आउटपुट खाली जाऊन बसतं. सेलच्या प्लसपासून चार नंबरला १ मेग आणि चार नंबरपासून जमिनीला एलडीआर, दिवसा एलडीआरचा रेझिस्टन्स पडतो, पाय खाली, दिवा बंद. अंधार पडला की आपोआप सुरू.

इथं एक गंमत आहे. मागच्या हंगामात आयटीआयची दोन पोरं दुकानात आली, "काका, सगळं बरोबर जोडलंय पण दिवसा दिवा विझायच्या ऐवजी कायमचा पेटतोय, आयसी खराब आहे का?" आयसी ठणठणीत होती. त्यांनी एलईडी प्लस आणि आउटपुटच्या मध्ये लावलेली, करंट वाचवायची ही एक जुनी पद्धत आहेच, आउटपुट खाली गेलं की एलईडी पेटते. पण मग रिसेट झाल्यावर आउटपुट खाली जाऊन बसलं म्हणजे एलईडी दिवसभर पेटलेली राहणार, उन्हात कोणाला दिसणार पण नाही, आणि आठवडाभरात सेल साफ. मोबाइलवर बघून केलेल्या सर्किटांत हा घोटाळा सर्रास असतो, रात्री सगळं छान चालतं म्हणून दिवसा कोण बघत नाही. एलईडी ट्रान्झिस्टरनं वर सांगितल्यासारखी जोडली की हा प्रश्न राहत नाही.

आता सगळं एकत्र करून हिशोब. एलईडीचे सरासरी ०.८, बेस आणि आयसीचे मिळून पाव मिलिअँप, म्हणजे रात्रीचा एक मिलिअँपच्या जरा वर. दिवसा फक्त आयसी जागी. चोवीस तासांचे सगळे मिळून चौदा-साडेचौदा मिलिअँप-अवर होतात. दोन हजारांच्या अल्कलाइन सेलमध्ये १३५-१४० दिवस, साडेचार महिने! हंगाम सुरू होताना सेल घाला, हंगाम संपल्यावर काढा. साधे स्वस्तातले झिंक-कार्बनचे पेन्सिल सेल घातले तर त्यात सात-आठशेच असतात, ते दीड-पावणेदोन महिने चालतील, शिवाय संपल्यावर त्यांना पाणी सुटतं आणि होल्डरच्या स्प्रिंगा गंजून जातात, म्हणून तिथं कंजुषी नको. सर्किटचं सगळं सामान सेल सोडून शंभर रुपयांच्या आत बसतं, मी किरकोळ भावानं सांगतोय, शेकड्यानं घेतलं तर आणखी खाली.

कोण म्हणेल एवढी आयसी कशाला, बीसी ५४७ आणि ५५७ ची जोडी लावून पण झटका काढता येतो. येतो, आणि ते सर्किट मला फार आवडतं कारण दिवा बंद असताना दोन्ही ट्रान्झिस्टर झोपलेले असतात. पण सेल उतरत गेले की त्याचा ताल बदलतो, आणि कधी कधी दोन्ही ट्रान्झिस्टर एकदा चालू झाले की चालूच अडकून बसतात. हौसेला ठीक, शेकड्यानं बनवायला नको. दुसऱ्या टोकाला मायक्रोकंट्रोलरवाले, एटीटायनी वगैरे, तो झोपेत पाच-सहा मायक्रोअँपवर राहतो, म्हणजे कागदावर सगळ्यात भारी. पण त्यात प्रोग्राम भरावा लागतो आणि बिघडला तर तालुक्यातला दुरुस्तीवाला हात वर करणार. पूर्वी एलएम ३९०९ नावाची खास लुकलुकवायची आयसी यायची, दीड व्होल्टच्या एका सेलवर महिनोन् महिने चालायची, ती कंपनीनं कधीच बंद केली. त्यामुळं ५५५ च बरी.

डब्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, पण खरं तर बहुतेक दिवे सर्किटनं मरत नाहीत, डब्यानं मरतात. टायरची गाडी असली तरी शेतातल्या रस्त्यानं जे हादरे बसतात त्यानं सेल होल्डरमधून उड्या मारतात आणि वायर सोल्डरपाशीच तुटते. होल्डर घट्ट स्प्रिंगचा घ्या, सेलवर रबर बँड किंवा टेप, वायर सोल्डरच्या पुढं ग्लूनं बोर्डाला चिकटवा. बोर्डाला वार्निशचा एक हात द्या, दव पडतं तेव्हा १ मेगच्या आजूबाजूला ओल आली तर सर्किट भरकटतं. डबा म्हणून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणि दोन टोप्या झक्कास होतात, एक टोपी चिकटवलेली, दुसरी स्क्रूची, म्हणजे सेल बदलता येतील पण येता-जाता कोणी काढून रेडिओत घालणार नाही. एलडीआरचं भोक मागं नको, वर आभाळाकडं ठेवा, नाहीतर मागून गाडीचा हेडलाइट पडला की त्याला दिवस उगवल्यासारखं वाटेल आणि नेमका तेव्हाच दिवा बंद! दुरून दिसणारी एलईडी अरुंद कोनाची असते, वळणावर ती उपयोगाची नाही, म्हणून जरा रुंद कोनाची घ्या, किंवा दोन लावा, पण दोन लावल्या की करंटचा खर्च दीडपटीच्या वर जाऊन सेल अडीच-पावणेतीन महिन्यांवर येतील हे ध्यानात ठेवून.

आणि दिवा वर लावा. उसाच्या मोळ्यांच्या वर बांबू येत असेल तर त्याला, नाहीतर गाडीच्या मागच्या दांड्याच्या वरच्या टोकाला, वाढ्याच्या वर, कुठंही पण खाली नको. रिफ्लेक्टर काढू नका, तो राहू दे, सेल संपले तर तोच आहे.

हे सगळं कोणी करायचं? जवळपास प्रत्येक तालुक्यात आयटीआय आहे, तिथं इलेक्ट्रॉनिक्सची पोरं वर्षभर तेच तेच सर्किट जोडतात आणि परीक्षा झाली की सोडवून सामान परत डब्यात टाकतात. त्यांना हे काम द्या. जुलै-ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर दसऱ्यापर्यंत एका कारखान्याच्या सगळ्या बैलगाड्यांचे दिवे तयार होतील, पोरांना चार पैसे पण मिळतील. कारखान्यांनी सामान द्यावं. पुण्याला साखर संकुलात साखर आयुक्तालय आहे, त्यांनी गाळप सुरू करायच्या अटींबरोबर ही पण एक ओळ घालावी, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावानं महामंडळ आहे, त्यांनी हे आपलं काम समजावं. मी कोणाकडं बोट दाखवत नाही, सांगतोय एवढंच की खर्च फोटोच्या कार्यक्रमाच्या मांडवापेक्षा जास्त नाही.

आता काही जण म्हणतात बैलगाड्या संपत चालल्यात, हार्वेस्टर आले, मिनी ट्रॅक्टर आले, अजून पाच-दहा वर्षांनी गाडीच दिसणार नाही, कशाला त्रास? नसेल दिसत तर चांगलंच आहे, बैलांचे पण हाल कमी होतील. पण ह्या हंगामात तर त्या रस्त्यावर आहेत ना. बीड, पाथर्डी, जतकडनं बायको-पोरांसकट आलेली माणसं रात्री-अपरात्री त्या गाड्या हाकतात, उसावर झोपलेलं पोर असतं कधी कधी.

एक गोष्ट मात्र मंजुरी देणाऱ्यांनी आधीच ठरवून घ्यावी. दुकानासमोर गाडी लावून चहा पीत बसलेल्या एका गाडीवानाला मी हा दिवा दाखवला, त्यानं उलटसुलट करून बघितला, हाताची ओंजळ करून अंधार केला, लुकलुकला तसा हसला, आणि म्हणाला, "भाऊ, दिवा लय चांगलाय, लावतो पण. पण ह्याचं पैसं कुनाच्या हिशोबात पडणार?" त्याचं बरोबर आहे. गाडीचं भाडं, टायरचा हप्ता, मुकादमाची उचल, सगळं त्याच्याच बिलातून कापलं जातं. दिवा आणि दर हंगामाचे तीन सेल कारखान्याच्या खर्चात धरावेत आणि तसं लेखी काढावं, नाहीतर तोडणीच्या हिशोबात "दिवा – १५०" अशी आणखी एक वजाबाकी होईल आणि पुढच्या वर्षी एकही गाडीवान तो लावून घेणार नाही.

सर्किटचा कागद मी हातानं काढून ठेवलाय, कुठल्या आयटीआयच्या मास्तरांना पाहिजे असेल तर तुमच्या पेपरमार्फत कळवावं, झेरॉक्स पाठवून देईन.

आपला,
एक वाचक आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला,
जि. सांगली